कितवा नंबर पायजे जी?

भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दच्या धरणाला 33 दरवाजे आहेत. पावसाळ्यात वैनगंगा फुगली की त्यांतले किती उघडले, अर्धा मीटर उघडले की एक, आणि सेकंदाला किती पाणी सुटलं, हा हिशेब पवनीच्या पानठेल्यावर बसलेला रिकामटेकडा माणूससुद्धा तोंडपाठ सांगतो. मोजमापाच्या बाबतीत आमचा मुलूख एकदम पक्का. बांधीत धान किती खंडी झालं, धरणात गेलेल्या शेताचा मोबदला किती आला आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा किती जास्त मिळाला, हे सगळं इथे पैशापर्यंत मोजलेलं असतं. एकच आकडा या मुलखातल्या बाजारात कोणी पाहिलेला नाही. तो म्हणजे बायकांच्या सँडलचा नऊ नंबर.

धरणाचं काम सोपं नव्हतं. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. 1983 च्या अंदाजात खर्च 372 कोटींचा होता, तो पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर भिजवायचं. गावं उठली, कालवे खणले, पिढी बदलली. तरी शेवटी नदी अडली आणि पाणी पुढे सरकलं. बायकांची चप्पल मात्र आठ नंबरावर जी अडली, ती अडलीच.

हा नऊ, दहा, अकरा नंबर लागतो कोणाला? यादी वाटते त्यापेक्षा लांब आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेली पण मनाने आणि आता कागदोपत्रीही बाई असलेली ट्रान्स ताई. घरच्या आरशासमोर किंवा मित्रमंडळींत साडी नेसायला आवडणारा, एरवी पतसंस्थेत हप्ते गोळा करणारा भाऊ. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, रात्रभर नाचणारा कलावंत. आणि यांच्या जोडीला, आईबापांनी रीतसर मुलगी म्हणून वाढवलेली पण उंचीने पावणेसहा फुटांवर गेलेली व्हॉलीबॉलपटू. या सगळ्यांना दुकानात एकच उत्तर मिळतं, "एवढा लेडीजमंदी येतच नाही."

आता भंडाऱ्याच्या बाजारपेठेतला नेहमीचा संवाद ऐका. गिऱ्हाईक दुकानात शिरतं, दोनदा घसा खाकरतं, आधी स्वतःसाठी एक साधी बाथरूम चप्पल पाहतं, आणि मग सहज आठवल्याचं दाखवत विचारतं:

"लेडीज सँडल दाखवा न जी. दहा नंबर."

"दहा? कोनासाठी पायजे?"

इथे दुकानदाराची नजर आपोआप गिऱ्हाइकाच्या पायांकडे जाते. त्यात वाईट काही नाही, ती त्याची व्यवसायाची सवय आहे. न्हाव्याची नजर डोक्याकडे जाते, तशी याची खाली. पण पायांकडे गेलेली नजर परत वर येताना वाटेत थांबत थांबत येते, आणि गिऱ्हाइकाला घाम फुटतो.

"मावशीसाठी," गिऱ्हाईक म्हणतं.

ही मावशी फार महत्त्वाची व्यक्ती आहे. भंडारा जिल्ह्यात अशा मावश्या किती आहेत याची मोजदाद नाही. त्या लग्नात दिसत नाहीत, रोवणीला येत नाहीत, मतदार यादीत सापडत नाहीत. त्यांचं नाव फक्त चपलेच्या दुकानात निघतं. त्यांचा पाय नेमका दुकानात आलेल्या भाच्याच्या पायाएवढा असतो. मापासाठी भाच्याने स्वतःचाच पाय घालून पाहिला तरी चालतं, असा या मावशीचा भाच्यावर विश्वास असतो.

"मावशीलेच घेऊन या न मंग. घालून पाहतील."

"नाही जी, तिचे गुडघे दुखतात. चालवत नाही तिला."

"मंग हे चार इंची टाच काहून पायजे?"

इथे खोटं उघडं पडतं. गुडघेदुखीने घरात बसलेल्या बाईला सोनेरी पट्ट्याची, चार इंची टाचेची सँडल का हवी, याचं उत्तर जगातल्या कुठल्याही भाच्याला देता आलेलं नाही. गिऱ्हाईक बाथरूम चप्पल घेऊन बाहेर पडतं. अनेकांच्या घरी या अशा बाथरूम चपलांचे जोड न्हाणीघराच्या गरजेपेक्षा बरेच जास्त झालेले असतात.

दुकानदार अगदीच सज्जन असेल तर तो मदत करतो. "जेन्ट्समंदी पाहा न, अकरापर्यंत हाये." मग तो जेन्ट्सचा माल समोर मांडतो आणि एक भयंकर सत्य लक्षात येतं. नुसता आकार आठ नंबरावर संपत नाही, रंगही तिथेच संपतात. आठपर्यंत मोरपंखी, राणी, सोनेरी, मोत्यांची पट्टी, फुलाची बक्कल, पारदर्शक टाच, सगळं आहे. नऊपासून पुढे सृष्टी तपकिरी आहे. फार चैन करायची असेल तर काळी. आणि ज्याला मध्यममार्ग हवा त्याच्यासाठी काळपट तपकिरी. पुरुषाच्या पायाला आनंद नको आहे, असा ठराव चपलेच्या कारखानदारांनी कधी आणि कुठल्या सभेत केला कोण जाणे.

हा आठ-नऊचा बांध किती मोठा आहे, ते एकदा मोजूनच पाहू. आपल्याकडचे नंबर इंग्रजांचे. त्यांच्या पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, एक तृतीयांश इंच. आपल्या कौटिल्यालाही जव वर्ज्य नव्हता, अर्थशास्त्रात आठ जवांचं एक अंगुळ आहे. फक्त त्याने जव आडवे ठेवून मोजले आणि इंग्रजांनी उभे. ज्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पायावर बूट बेततात, त्या फर्म्याची इंचातली लांबी घ्यायची, तिला तीनने गुणायचं, पंचवीस वजा करायचे, नंबर हजर. म्हणजे आठ नंबरचा फर्मा 11 इंच. अकरा नंबरचा 12 इंच. आणि आठ आणि नऊ यांच्यातला फरक साडेआठ मिलिमीटर.

साडेआठ मिलिमीटर! आमच्या डोळ्यांसमोर एवढी मोठी वैनगंगा अडवली गेली. त्याच भागातल्या बाजाराला सँडलचा फर्मा साडेआठ मिलिमीटर पुढे ढकलता येत नाही. यासाठी भूसंपादन लागत नाही, पुनर्वसन लागत नाही, केंद्राचा निधीही लागत नाही. नुसता एक लांब फर्मा लागतो.

बरं, नंबर मोजायची इंग्रजी पद्धत पुरुषाला आणि बाईला एकच आहे. अमेरिकेत बाईचा नंबर पुरुषापेक्षा दीडेकाने वर धावतो, आपल्याकडे तसं नाही. बाईचा सात आणि पुरुषाचा सात लांबीला सारखेच, फरक रुंदीत. म्हणजे मोजपट्टीला कोण बाई आणि कोण पुरुष हे कळतच नाही. तिला फक्त टाच आणि अंगठा कळतो. भेद सुरू होतो तो मोजपट्टी खाली ठेवल्यावर, खोक्यावर चिठ्ठी चिकटवताना.

याच मुलखाची दुसरी बाजू पाहा. हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा मिठाई, खेळणी, पाहुणे, आणि रात्री दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे खेळ नाहीतर नाटक. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम थंडीभर चालतो, रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत जातो, आणि या रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्रीही मिळाली. खडी गंमतीत शाहिराइतकाच मान नाच्याचा. मिशी काढलेला, नऊवारी किंवा सहावारी नेसलेला, डोळ्यांत काजळ घातलेला हा गडी ढोलकीवर असा काही गिरकी घेतो की पुढच्या रांगेतले आजोबा काठी बाजूला ठेवून टाळ्या वाजवतात. त्याच्यावर नोटा ओवाळल्या जातात. गावातल्या बायका त्याच्या पदराची घडी निरखून पाहतात. इथे त्याला कोणी विचारत नाही, "हे लुगडं कोनासाठी हाये?"

ही आपली जुनी रीत आहे. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवराचं नाटक उभं केलं तेव्हा सीताही पुरुषच होता. पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगमंचावर आले, आणि महाराष्ट्रातल्या सुखवस्तू घरांतल्या बायका त्यांना पाहून साडी कशी नेसायची, केसांत फूल कुठे माळायचं हे शिकल्या. एका पुरुषाने बायकांना बाईपण शिकवलं आणि उभ्या महाराष्ट्राने तिकीट काढून ते पाहिलं. इतकी मोकळी आपली परंपरा.

मग या परंपरेत मोठ्या पायाचा प्रश्न कसा सोडवला होता? फार हुशारीने. पायांत काही घालायचंच नाही! खडी गंमतीचा नाच्या अनवाणी नाचतो, पायांत फक्त चाळ. चाळांना नंबर नसतो, दोरी आवळली की झालं. पायावर नऊवारीचा घोळ असा येतो की आत चार नंबर आहे की अकरा, हे देवालाही दिसू नये. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न असा साफ उपटून टाकला होता. तो पुन्हा उगवला तो टाचेची सँडल आल्यावर.

आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी तोच नाच्या सकाळी शर्ट-पॅन्ट घालून बाजारात गेला, हौसेने लेडीज सँडलचा दहा नंबर मागू लागला, की काल रात्री ज्याने नोट ओवाळली तोच दुकानदार म्हणतो, "कोनासाठी पायजे?" रात्री मांडवात ती कला असते. सकाळी काउंटरवर ती शंका होते. मधे फक्त सूर्य उगवलेला असतो.

टाचेचा इतिहास या दुकानदारांना कोणी सांगायला हवा. उंच टाच ही मुळात पुरुषाची वस्तू. इराणातले घोडेस्वार ती घालत, रिकिबीत पाय घट्ट अडकावा आणि उभं राहून नीट बाण मारता यावा म्हणून. तिथून ती सतराव्या शतकात युरोपच्या दरबारांत गेली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल रंगाच्या टाचा मिरवायचा. सैन्य चालवणारा, राजवाडे बांधणारा राजा, आणि पायांत लाल टाचा. त्याला कोणी मावशीबद्दल विचारल्याचं इतिहासात आढळत नाही. पुढे अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडून दिली आणि ती बायकांकडे राहिली. म्हणजे आज एखाद्या भावाने टाचेची सँडल मागितली तर तो नवीन काही करत नाही, फार वर्षांपूर्वी हातची गेलेली मालमत्ता पुन्हा नावावर करून घेतोय. आमच्याकडे तलाठ्याला हे लगेच समजलं असतं.

यात भूमितीचीही एक गंमत आहे. टाचेची उंची तीच ठेवली तर पाय जितका लांब तितका चढ कमी. तीन इंची टाच चार नंबरच्या पायाला घाटातला चढ वाटते, तीच अकरा नंबरच्या पायाला साधी चढण. म्हणजे निसर्गाने मोठ्या पायाला टाच घालण्याची जास्त सोय करून ठेवली आहे आणि बाजाराने नेमकी त्याच पायाची सोय काढून घेतली आहे. बाजाराची एक अडचण मात्र खरी मानली पाहिजे. नाजूक टाचेच्या आत पोलादी सळी असते, तळव्याच्या कमानीखाली पोलादी पट्टी असते. त्या हलक्या अंगाच्या हिशेबाने घातलेल्या असतात. ऐंशी किलोचा कलावंत लावणीच्या ठेक्यावर त्या टाचेवर उभा राहिला की पहिल्या अंकातच टाच मोडते. तेव्हा नुसता फर्मा लांबवून भागत नाही, आतली सळीही जाड लागते.

हे कोडं इंग्लंडात एकाने सोडवलं. नॉर्दम्प्टनशायर हा तिथला बुटांचा जुना जिल्हा. अर्ल्स बार्टन गावात स्टीव्ह पेटमन यांच्या घराण्याचा पुरुषी बुटांचा कारखाना होता, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस धंदा बसत चालला होता. अशात एका दुकानाकडून विचारणा आली, पुरुषांच्या मापाचे बायकी बूट करून द्याल का? या गृहस्थाने "कोणासाठी?" असं विचारलं नाही. टाच मजबूत केली, माप वाढवलं, माल काढला. त्या हकिकतीवर 2005 साली 'किंकी बूट्स' हा चित्रपट आला, 2013 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचं संगीत नाटक झालं आणि त्याला सर्वोत्तम संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. पुरुषाने बाईच्या वेशात गाणी म्हणायची आणि लोकांनी रात्र जागवायची, यात झाडीपट्टीला नवीन ते काय? नवीन एवढंच, की तिथे पायताणाचीही सोय झाली.

आता कोणी म्हणेल, एवढं दुकानात कशाला जायचं, मोबाइलवर मागवा. मागवतात. मोबाइल "कोनासाठी" विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तोही पहिल्याच पडद्यावर 'पुरुष की स्त्री' विचारतो. 'स्त्री' दाबलं की नंबर आठपर्यंत, 'पुरुष' दाबलं की रंग तपकिरी. म्हणजे भंडाऱ्याचाच दुकानदार, फक्त काचेच्या आत बसलेला. चिकाटीने शोधलं तर 42, 43 अशा युरोपी आकड्यांचा माल सापडतो. त्याखाली आधीच्या गिऱ्हाइकांनी लिहून ठेवलेलं असतं, 'एक नंबर मोठा घ्या.' मुळात जो नंबर मिळत नव्हता, त्याच्यापेक्षा एक मोठा.

मागवलेला माल थेट घरी येईल असंही नाही. गोसीखुर्दसारख्या गावात पार्सलवाला घर शोधत बसत नाही, तो पानठेल्यावर खोकं ठेवतो आणि फोन करतो. खोक्यावर सँडलचं चित्र छापलेलं असतं. संध्याकाळपर्यंत त्या खोक्याला दहा लोकांनी हलवून पाहिलेलं असतं, तिघांनी रंगावर मत दिलेलं असतं, आणि एकाने "हे माया बायकोले येत नाही" असं प्रमाणपत्रही दिलेलं असतं. फोनवर संवाद होतो तो असा:

"मॅडमचं पार्सल हाये."

"हो, बोला."

"मॅडमले फोन द्या न जी."

"मॅडमच बोलतेय."

इकडे शांतता. मग पार्सलवाला, ज्याला दिवसाला साठ खोकी वाटायची आहेत आणि ज्याच्याकडे तत्त्वचर्चेला वेळ नाही, तो म्हणतो, "बरं मॅडम, ओटीपी सांगा." मला या पोराबद्दल फार आदर आहे. माणसाला तो सांगेल त्या नावाने हाक मारावी, हा धडा जो समाज अजून गिरवतो आहे, तो त्याने ओटीपीच्या घाईत पाठ करून टाकला.

कायद्यानेही तोवर बरीच मजल मारली आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे 'नालसा'च्या, खटल्यात सांगितलं की आपलं लिंग काय हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे. 2019 साली ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज आधी नाकारला गेला, मग जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना त्या जागेवरून लढू दिलं, आणि गावाने त्यांना निवडूनही दिलं. न्यायालयाने बाई म्हटलं, मतदारांनी बाई म्हटलं. चपलेच्या रांगेने मात्र अजून अर्ज मंजूर केलेला नाही.

2019 च्या त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात भेदभाव कशाकशात करू नये याची यादी आहे. शिक्षण आहे, नोकरी आहे, आरोग्य आहे, आणि सेवांच्या जोडीला 'वस्तू' हाही शब्द आहे. सँडल ही वस्तू आहे, याबद्दल विधिज्ञांत दुमत नसावं. अर्थात माल नसणं हा काही गुन्हा नाही, आणि कोणी नऊ नंबरासाठी फिर्याद द्यावी असंही माझं म्हणणं नाही. पण ज्या देशात संसदेने वस्तू देताना तोंड वाकडं करू नका असं लिहून ठेवलं, तिथे दुकानदाराने निदान भुवई तरी जागेवर ठेवावी.

ज्यांना हक्कांची भाषा जड वाटते त्यांच्यासाठी गल्ल्याची भाषा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्त्री किंवा पुरुष न म्हणता 'इतर' अशी नोंद झालेले लोक होते 40,891. म्हणजे 81,782 पाय. त्यातले लहान मुलांचे वगळा, पुरुषी बूटच आवडणाऱ्यांचे वगळा, ज्यांना आठ नंबर पुरतो त्यांचेही वगळा. आता उलटीकडून मोजा. ज्यांनी भीतीने 'पुरुष' लिहून दिलं ते धरा, ज्यांनी अभिमानाने 'स्त्री' लिहिलं त्या धरा, कपाटाच्या मागच्या कप्प्यात साडी ठेवणारे धरा, मंडईचे कलावंत धरा, व्हॉलीबॉलपटू धरा. कुठल्याही शहाण्या व्यापाऱ्याने एवढ्या पायांकडे पाठ फिरवली नसती. गोसीखुर्दच्या भाषेत सांगायचं तर मागे पाण्याचा साठा भरपूर आहे, दरवाजाच उघडलेला नाही.

यात आमच्या भागातल्या बायकांचा स्वतंत्र मुद्दा आहे. भंडारा हा धानाचा जिल्हा. आषाढ-श्रावणात बायका दिवसच्या दिवस गुडघाभर चिखलात रोवणी करतात, तेही अनवाणी. तो पाय पुढून पसरलेला असतो, बोटं मोकळी असतात. त्या पायाची लांबी पाच नंबरची असेल, पण रुंदी शहरातल्या सँडलच्या पट्ट्यात मावत नाही. लग्नाला जाताना ती बाई सँडल घालते आणि मांडवात पोचल्यावर पहिली काढते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय तपासले तेव्हा हेच निघालं, भारतीय पाय युरोपी पायापेक्षा रुंद आहे. इंग्रज जाताना नंबर इथेच ठेवून गेले आणि आपण तेव्हापासून रुंद पाय अरुंद नंबरात कोंबतो आहोत.

त्या पाहणीतून भारताची स्वतःची मापं ठरवायचं निघालं, त्यांचं नाव 'भा'. वय आणि लिंग पाहून आठ गट सुचवले. तान्ही बाळं, रांगती-चालती, लहान मुलं, मोठी मुलं, मुली, मुलगे, मग सातवा गट स्त्रिया आणि आठवा पुरुष. वाचून मला आनंद झाला आणि लगेच काळजी लागली. सातव्या गटातल्या बाईचा पाय आठव्या गटात शिरला तर काय, हा आपला जुना प्रश्न नव्या नावाने पुन्हा उभा. शास्त्रज्ञांनी लाखभर पाय इतक्या कष्टाने तपासले आहेत, तर कारखानदारांनी सातव्या गटाची वही आठ नंबरावर मिटू नये, एवढी विनंती आतापासूनच करून ठेवतो.

तोवर काय करायचं? अनुभवी लोकांकडे काही उपाय आहेत. पाय संध्याकाळी मोजावा, दिवसभरात तो थोडा फुगतो. कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून रेघ मारावी, टाचेपासून सगळ्यांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजावेत, आणि दोन्ही पाय मोजावेत, कारण एक बहुधा मोठा असतो. पुढून उघडी, पट्टा सरकवता येईल अशी सँडल बंद बेलीपेक्षा सोसते. टाच पेन्सिलची नको, जाड चौकोनी हवी. आणि घुंगराच्या ठेक्यावर नाचायचं असेल तर आधी घरात फरशीवर चालून पाहावं, म्हणजे पडलात तरी प्रेक्षक नसतील.

कोल्हापुरीचा आधार आहेच. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांच्या या चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या पुरुषांच्या फॅशन शोमध्ये जवळपास तशीच चप्पल मिरवली आणि आपण सगळे एकदम जागे झालो. कोल्हापुरी मापाने करून मिळते, तिला गोंडा लावा, जरीची वेणी लावा, ती कोणालाही शोभते. टाचेची हौस मात्र तिथे भागत नाही.

आणि सगळ्यांत जुना उपाय म्हणजे आपला मोची. कागदावरची रेघ त्याच्याकडे नेली की तो कागद उलटा करून पाहतो, त्यावर बोटं फिरवतो, आणि विचारतो, "टाच किती ठेवू? पट्टा सोनेरी की काळा?" त्याचे सगळे प्रश्न चपलेबद्दल असतात. त्याच्यासमोर चामडं, रबर, खिळे आणि एक माप असतं, आणि त्या मापात बसेल अशी वस्तू करून द्यायची असते. पायाचा मालक कोण, हे त्याने विचारलं तर ते फक्त उधारी लिहायची असेल तेव्हा.

जिल्ह्यातल्या तमाम पादत्राण-विक्रेत्या भाऊंना म्हणून हात जोडून सांगणं आहे. पुढचा माल भरताना लेडीजमध्ये नऊ, दहा आणि अकराचे दोन-दोन जोड मागवा. एक काळा, एक सोनेरी. पहिल्या महिन्यात कोणी विचारणार नाही, कारण इतकी वर्षं 'नाही' ऐकून लोकांनी विचारणंच सोडलं आहे. म्हणून दारावर पाटी लावा, 'लेडीज सँडल 11 नंबरपर्यंत'. मंडईच्या आधी लावलीत तर माल दिवाळीतच संपेल. जे गिऱ्हाईक येईल ते घासाघीसही फार करणार नाही, कारण त्याला दुसरं दुकान नाही. फक्त एक पथ्य पाळा. त्याने मावशीचं नाव काढलं तर मावशीची तब्येत विचारू नका. आणि नाव नाही काढलं, आपलाच पाय पुढे केला, तर स्टूल सरकवा आणि बक्कल लावून द्या. पाय मोजणं हा तुमचा धंदा आहे. माणूस मोजणं त्यात येत नाही.